साहेबांची जागा

१

मी शाळेत पीटी शिकवते. म्हणजे सोमवार ते शनिवार ओरडते. "रांग सरळ! हात खांद्याच्या रेषेत! ए लंबू, पुढच्याच्या पाठीवर काय झोपतोयस?" शनिवारी घरी येते तेव्हा घशाचा चोथा आणि पोटऱ्यांचे गोळे झालेले असतात. रविवार हा खरं तर माणसाने लोळत पडायचा वार. पण आमच्या नशिबी ते कुठलं! रविवारी दुपारी मी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये उभी राहते आणि चांगल्या शहाण्यासुरत्या, कमावत्या माणसांना दोनशे वर्षांपूर्वीचे नाच करायला लावते. पुन्हा ओरडूनच.

हे सगळं ताईमुळे.

ताई माझी थोरली बहीण. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. लहानपणापासून तिला एकच वेड, त्या जुन्या कादंबऱ्या. घोडागाड्या, मोठमोठी घरं, कमर छातीखाली आलेले झगे, आणि लग्न जमेपर्यंत चारशे पानं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे भांडणारी माणसं. मूळ पुस्तकं मोजकीच आहेत, पण हल्लीच्या लोकांनी त्यांवरून रचलेल्या गोष्टींना गणती नाही. कोणी त्या घरांत खून घडवतो, कोणी तीच माणसं आजच्या ऑफिसात आणून बसवतो, कोणी स्वयंपाकघरातल्या पोरीलाच नायिका करतो. ताई सगळं वाचते. लिहितेसुद्धा. चाहत्यांची एक साइट आहे, तिथे दर आठवड्याला तिचा एक भाग येतो.

तिची नायिका म्हणजे नाचाच्या दिवशी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून राहणारी मुलगी. जुन्या पुस्तकांत अशा मुलीला अर्धी ओळ मिळते. ताईने तिच्यावर वर्षानुवर्षं लिहिलंय. त्या मुलीला नाचायला नेण्यासाठी एक साहेब यायचे आहेत. कधीचे यायचे आहेत! वाचक खाली विचारतात, "ताई, साहेब कधी पोचणार हो?" मीही एकदा म्हणाले, "आण की बाई त्याला एकदाचा. म्हातारी होईल ती पोरगी."

"चेहराच दिसत नाही गं त्याचा," ताई म्हणाली. "चेहरा दिसल्याशिवाय आणू कसा?"

आई लवकर गेली, वडील अंथरुणाला खिळले, आणि ताईने कधी लग्नाचं नाव काढलं नाही. कोणी विचारायलाच आलं नाही, असं ती हसत सांगते. मीही केलं नाही, पण ते माझ्या तोंडामुळे. आता घरात आम्ही दोघीच. ताईशिवाय मला ह्या जगात कोणी नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

२

त्या हॉलमध्ये दर रविवारी ह्या कादंबऱ्यांच्या चाहत्यांचं मंडळ भरतं. मंडळात सगळे ताईसारखेच वेडे. अध्यक्षबाई म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलातल्या निवृत्त मेट्रन, त्यामुळे मंडळात शिस्त. कर्नल आहेत, ते कर्नल वगैरे काही नाहीत, जन्मभर बँकेत काउंटरवर बसले, पण लाल कोट शिवून घेतलाय म्हणून कर्नल. बाकी शिक्षिका, नर्सा, एक केमिस्ट, दोन लायब्ररीवाल्या. आधी नवीन आलेल्या कादंबरीवर चर्चा होते, म्हणजे भांडणं होतात. मग नाच.

नाच सोपा आहे. दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, एक बायकांची, एक पुरुषांची. पुरुष कमी म्हणून काही बायकाच निळी पट्टी बांधून पुरुष होतात. प्रत्येक जोडीने शेजारच्या जोडीबरोबर एक फेरी करायची, हात धरायचे, गोल फिरायचं, आणि एक घर पुढे सरकायचं. असं सरकत सरकत प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर नाचतो. रांगेच्या टोकाला पोचलेली जोडी एक फेरी नुसती उभी राहते, मग पुन्हा आत शिरते. कोणी काय कधी करायचं ते मोठ्याने सांगायला एक माणूस लागतो. एका रविवारी ताईला आणायला गेले होते, अध्यक्षबाईंनी माझा आवाज ऐकला आणि मी अडकले.

आमच्याकडे माणसं नेहमी एकाने कमी. एक नवीन आला की एक जुना गळतो. तेव्हा नाच थांबवायचा नाही, असा नियम. पुरुषांच्या रांगेत एक जागा मोकळी सोडायची आणि तिथे माणूस आहे असं धरून चालायचं. त्याच्यापुढे वाकायचं, हवेत हात द्यायचा, हवेभोवती गोल फिरायचं. ती जागाही बाकीच्यांबरोबर रांगेत पुढे सरकते, म्हणजे पाळीपाळीने सगळ्यांनाच हवेशी नाचावं लागतं.

त्या जागेला कर्नलनी नाव पाडलं, साहेब. ताईच्या गोष्टीतले. "साहेब निघालेत," ते सांगायचे, "पण वाटेत घोड्याचा नाल पडलाय. तोवर त्यांची जागा धरून ठेवा." सगळे खो खो हसायचे.

साहेबांची जोडीदारीण व्हायला मात्र कोणी तयार नसायचं. अख्खा नाच एकटीने हवेला हात देत फिरायचं म्हणजे वेडगळच दिसतं. मग ताई म्हणायची, "चालेल मला." तिचं आयुष्यभराचं वाक्य आहे ते. फुटक्या कानाचा कप कोणाला? चालेल मला. खिडकीपासून लांबचा पलंग? चालेल मला. मी दर वेळी चिडायचे, आणि दर वेळी शिट्टी फुंकून नाच सुरू करायचे.

३

पायांच्या आवाजात मला कोणी फसवू शकत नाही. शंभर पोरं कवायत करत असली आणि मी पाठमोरी असले, तरी कोणाचा पाय मागे पडला ते सांगते. हॉलची जमीन लाकडी फळ्यांची, तिच्यात तर सगळंच वाजतं. ताईचा डावा पाय किंचित घासतो. कर्नल टाचेवर येतात. अध्यक्षबाई चालतात तशा नाचतात, वॉर्डातून राउंड घेतल्यासारख्या.

त्या दिवशी मी स्पीकरचा आवाज वाढवायला वळले होते. चौथ्या ठोक्याला सगळ्यांनी पाय जुळवायचे असतात, एकदम. धप. आणि त्यानंतर किंचित उशिरा, टक.

मी वळून पाहिलं. पुन्हा धप. पुन्हा टक. कठीण टाच होती ती. आमच्यात मऊ कापडी जोड्यांचा नियम आहे, फळ्यांवर चरे पडतात म्हणून.

"कोण आहे ते बुटात? काढा बघू!" मी ओरडले.

सगळ्यांनी आपापले पाय पाहिले. सगळे कापडी.

"साहेब असतील," कर्नल म्हणाले. "नवे बूट आहेत त्यांचे."

हशा पिकला. मी दमलेली होते, डोकं ठणकत होतं, आणि माझी जीभ नेहमीप्रमाणे माझ्या पुढे पळाली. "मग साहेबांना म्हणावं, उशीर झाला तो झाला, आता आलाच आहात तर निदान ताल धरा!"

ताई हसली नाही. माझ्याकडे पाहत होती. आभार मानावेत तशी.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम पाठमोरी उभी राहिले. धप. एकच आवाज. आधीपेक्षा थोडा जड, पण एकच, अगदी तालात. चुकणाऱ्या पोराला सांगितलं आणि त्याने सुधारलं की मला बरं वाटतं, वीस वर्षांची सवय आहे ती. तसंच बरं वाटलं. काय वाटलं ते ध्यानात आलं तेव्हा मात्र हातातली शिट्टी घामाने निसटली.

४

असं काही नसतं. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. खालच्या दुकानात हातोडी चालली असेल म्हणून पाहायला गेले, तर शटर बंद, रविवारच तो. मग हॉल सांभाळणाऱ्या मामांना धरलं.

"मामा, फळ्या ढिल्या झाल्यात का हो?"

"गेल्या महिन्यात तर ठोकून घेतल्या. का? कोणी पडलं का?"

"नाही. आवाज येतो एक."

"लाकूड आहे बाई, बोलणारच," मामा म्हणाले. "पण एक सांगा, तुमच्यातले ते शेवटी उतरतात, त्यांना म्हणावं जिन्यात रेंगाळू नका. मला कुलूप लावायचं असतं."

"शेवटी तर ताई आणि मीच उतरतो."

"तुमच्यानंतर," मामा म्हणाले, आणि बादली उचलून निघून गेले. मामांना धड दिसत नाही, कोणालाही कोणीही समजतात. तसं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही. दमलेल्या माणसाला पटवून घ्यायला फार लागत नाही.

पण मी सूचना देणं काही थांबवू शकले नाही, हे कबूल करायला हवं. रांग दिसली की माझं तोंड आपोआप चालतं. ती रिकामी जागा सरकताना मागे राहते आहे असं वाटायचं आणि मी म्हणून जायचे, "पुढे या, पुढे!" वळताना तिथे गर्दी झाली की, "उजवा खांदा आधी." कोणाला सांगितलं, ते सांगून झाल्यावर कळायचं. आणि पुढच्या वेळी तिथे गर्दी होत नसे. शेजारची माणसं अदबीने अर्धं पाऊल बाजूला होत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझ्याच हाताने मी हे करत होते. एक विद्यार्थी घडवत होते म्हणा ना.

घरी ताई बदलत चालली. वाईट नाही, छान. गाणं गुणगुणायची. दुकानातून आल्यावर पाय दुखतात म्हणायची, ते बंद झालं. नाचाचे पांढरे हातमोजे ती दर रविवारी धुऊन वाळत टाकते. एकदा काढायला गेले तर डावा तसाच होता आणि उजव्याचं कापड तळव्याशी झिजून पातळ झालेलं.

"अगं, एवढं काय घासतेस हाताने?"

"हवा घट्ट असते," ताई म्हणाली आणि खुदकन हसली. आमची ताई, जी विनोद करताना आधी परवानगी मागते, ती!

मग साइटवर तिचा भाग आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. वाचकांनी नुसता गिल्ला केला. मंडळात अध्यक्षबाईंनी तिला खडसावलं. मी घरी विचारलं, "काय झालं? सुचत नाहीये का?"

ताई काचेवर फडकं फिरवत होती, माझाच चष्मा होता. तो तिने उजेडात धरला.

"आता लिहायची गरज नाही ना, चिमणे," ती म्हणाली.

मी दारात मावत नाही एवढी आडवी बाई, पण ताईसाठी अजून चिमणीच. मी चष्मा घेतला आणि पुढे काही विचारलं नाही. मला भीती वाटली की ती उत्तर देईल.

५

तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले, आणि मला वाटलं सुटलो.

मंडळात नवीन सभासद. विधुर, उंच, बोलायला मऊ. बायको ह्या कादंबऱ्यांची भक्त होती, तिच्यामागे त्यांनीही वाचायला घेतल्या. चर्चेच्या वेळी ताईच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमचे सगळे भाग वाचलेत मी. ती खुर्चीवरची मुलगी फार जिवंत आहे हो." ताईचे कान लाल झाले. माझ्या मनात जे आलं ते कुठल्याही धाकट्या बहिणीच्या मनात आलं असतं. शिवाय माणसं आता पूर्ण झाली होती. जागा रिकामी राहणार नव्हती.

मी लगेच हुकूम सोडला. "डॉक्टर, तुम्ही ताईसमोर."

"अगं, पण..." ताई पुढे आली. हळू आवाजात म्हणाली, "मग त्यांना काय सांगू?"

"कोणाला?"

मी तिला दंडाला धरून जागेवर उभं केलं. डॉक्टर तिच्यासमोर येऊन उभे राहिले, छान वाकले. मी शिट्टी फुंकली.

पहिली चार पावलं ठीक पडली. मग हात द्यायची वेळ आली. डॉक्टरांनी हात पुढे केला, आणि अरुंद जिन्यात समोरून कोणी आलं की आपण अंग चोरतो ना, तसं अंग चोरून ते बाजूला झाले. "सॉरी, सॉरी," असंही पुटपुटले. ताईचा हात वर उचललेला होता. तिने तो डॉक्टरांना दिला नाही, तरी तो खाली आला नाही. ती गोल फिरली, नेहमीसारखी, हलकी. डॉक्टर एक एक पाऊल मागे सरत भिंतीला जाऊन टेकले आणि नाच संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. बाकी सगळे नाचत होते. कोणाचं काही अडलं नाही.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "काय झालं हो? असे काय बाजूला झालात?"

"माझीच चूक," ते म्हणाले. "तिथे आधीच कोणी उभं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मला खांद्याला हात लावून सरकवलं त्यांनी. रागाने नाही, तसे सभ्य होते."

"कोण?"

ते सांगायला गेले, आणि सांगता येईना. दोन पायऱ्या उतरले, थांबले. "तुम्ही विचारल्यावर मला..." म्हणाले आणि खांदा चोळत राहिले. पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला की गुडघा दुखतोय, जमणार नाही. त्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

६

मी ताईला म्हणाले, "ह्या रविवारी नको जाऊ या. मला बरं नाही."

"तू राहा घरी," ताई म्हणाली. "खरंच दमलीयेस. आम्हाला आता पाठ झालंय सगळं."

आम्हाला. म्हणजे मला निवड उरली नाही. तिला एकटीला कशी जाऊ देणार? रात्रंदिवस खपून ज्या बाईने मला वाढवलं, ती माझ्या डोळ्यांदेखत कोणाच्या तरी हातात हात देऊन चालली होती, आणि त्याला ताल मी शिकवला होता. मला रडू येत होतं आणि रडायचंही त्राण नव्हतं. शेवटी ठरवलं. जागा रिकामी आहे म्हणून हे चाललंय ना? मग ती आपणच भरायची.

हॉलमध्ये गेल्यावर शिट्टी अध्यक्षबाईंच्या हातात दिली. त्यांना ती कधीपासून हवीच होती. निळी पट्टी बांधली आणि ताईसमोर जाऊन उभी राहिले.

ताईचा चेहरा उतरला. "चिमणे, नको."

"का नको? जागा रिकामी होती, भरली."

"रिकामी कुठे होती?" ती इतकी हळू म्हणाली की शेजारच्यांना ऐकू गेलं नसेल. तेवढ्यात शिट्टी वाजली.

मी नाचले. सगळी पावलं मला पाठ, मीच तर शिकवलेली. पहिली फेरी केमिस्टबाईंबरोबर. त्या माझ्यासमोर आल्या, हसल्या, आणि त्यांची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली. हात दिला तोही वर, माझ्या कपाळाच्या उंचीला. मला तो ओढून खाली घ्यावा लागला. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. पुढची लायब्ररीवाली. तिनेही तसंच. वर पाहिलं, थोडी लाजली, हात उंच धरला. मग कर्नलच्या समोरची. रांगेत जी जी आली ती माझ्याहून वीतभर उंच कोणाशी तरी नाचत होती, आणि मी त्याच्या पोटाशी लुडबुडणारं पोर होते. मी मोठ्याने म्हणाले, "अहो, इकडे बघा की!" कोणी खाली पाहिलं नाही.

माझे हात आता शिशासारखे जड झाले होते. उजवं कोपर खाली आलं. आणि कोणीतरी ते दोन बोटांनी खालून उचललं आणि खांद्याच्या रेषेत आणून ठेवलं.

पोरांचे हात मी तसेच उचलते. जोर न लावता, पण ऐकावंच लागेल असे. बोटं गार नव्हती. गार असती तर मला बरं वाटलं असतं. उबदार होती, घामेजलेली, बराच वेळ नाचलेल्या माणसाची. डोळ्याच्या कडेला बाही दिसली, गडद कापडाची, मनगटाशी गुंडी तुटून राहिलेला दोरा. त्याच्यावर दंड असणार, खांदा असणार. मान वर केली असती तर चेहराही दिसला असता. मी मान वर केली नाही. माझी पाचावर धारण बसली होती, हे एक. दुसरं म्हणजे, मला वाटलं, तो ओळखीचा निघाला तर?

आम्ही रांगेच्या टोकाला पोचलो. तिथे जोडीला एक फेरी नुसतं उभं राहायचं असतं. ताई माझ्याजवळ आली. तिच्या कपाळावर बारीक घाम होता, डोळे चमकत होते. ती तरुण वगैरे दिसत नव्हती, ताईच होती, पन्नाशीची, पण अशी मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने माझ्या कमरेची निळी पट्टी सोडवली. लहानपणी शाळेतून आल्यावर बुटाच्या नाड्या सोडवायची, तशी.

"तू बस आता," ती म्हणाली. "किती दमलीस गं."

मी नाही म्हणायला हवं होतं. तिला दंडाला धरून ओढत खाली न्यायला हवं होतं, मला ते सहज जमलं असतं, माझी ताकद तेवढी आहे. पण मला किती वर्षांत कोणी बस म्हणालं नव्हतं. माझ्या पायांनी ते ऐकलं. भिंतीकडेला खुर्ची होती. मी बसले.

ताई पुन्हा आत शिरली. मी डोळे मिटले आणि नुसतं ऐकत राहिले. धप. धप. धप. एकही पाय मागे नाही, एकही पुढे नाही. आयुष्यात मी इतकी चोख रांग ऐकली नव्हती. तिच्यात मी ताईचा डावा पाय शोधत होते, तो घासणारा. शेवटपर्यंत सापडला नाही.

७

घरी निघालो. ताई पुढे, मी मागे. फुटपाथवर ती कडेकडेने चालत होती, निम्मी वाट सोडून. समोरून येणारी माणसंही त्या निम्म्या वाटेतून येत नव्हती, खाली रस्त्यावर उतरून जात होती.

कुलूप ताईने उघडलं. मी आत शिरले, दिवा लावला, चपला काढल्या. ती दार धरून तशीच उभी.

"लाव ना दार. वारा येतोय."

"थांब जरा," ताई म्हणाली. तिने मान वर केली, माझ्या डोक्याच्याही वर, बाहेरच्या अंधुक जिन्याकडे. आणि मला कधीच न ऐकवलेल्या आवाजात म्हणाली, "या."

पायपुसण्यावर कोणीतरी बूट पुसले. एकदा उजवा, एकदा डावा. मग तिने दार लावलं.

मी म्हणाले, "ताई, मला भीती वाटतेय."

तिने माझ्या गालाला हात लावला. हात ताईचाच होता, काचेच्या भुकटीने खरखरीत झालेला. "जेवायचं नसेल तर पड जरा. उद्या शाळा आहे ना?"

शाळा होती. सोमवारी पहिल्याच तासाला सातवीची पीटी. मी काय करणार होते? कोणाला बोलावणार होते आणि काय सांगणार होते? खिडकीत अजून उजेड होता तरी मी जाऊन पडले, डोक्यावरून चादर घेतली. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये एक पातळ भिंत आहे, ताई कूस वळली तरी मला कळतं.

थोड्या वेळाने पलीकडे खुर्ची सरकली. ताई हसली. तिचं पहिलं हसू ऐकून मला उठून बसावंसं वाटलं, इतकं ते मोकळं होतं. एवढ्या वर्षांत मी तिच्यासाठी देवाकडे काही मागितलं असेल तर ते हेच. मला आनंद व्हायला हवा होता. मी श्वास धरून पडून राहिले, उशीत तोंड खुपसून, झोपलेल्या माणसासारखी.

पलीकडचं हसू थांबलं.

"हळू बोला," ताई म्हणाली. "जागी आहे ती अजून."